होडीचा रंग दिलेली सायकल

दिवाळीत गावी पोचलो त्याच दिवशी चहाचा कप हातात देता देता काकू म्हणाली, "ते गोठ्यातलं धूड आहे ना, त्याचं एकदाचं काय ते कर. मला तिथे लाकडं रचायचीयत."

धूड म्हणजे भाऊकाकाची सायकल. गोठ्यात आता गुरं नाहीत, बरीच वर्षं नाहीत, पण आम्ही त्याला गोठाच म्हणतो. त्यात नारळाच्या सोडणांचा ढीग, एक मोडकी पाटी, पंपाचे पाइप आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकून ही. काका जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्याआधीही चार-पाच वर्षं ती कोणी हलवली नसेल, कारण पुढच्या चाकाच्या तारांमध्ये कुंभारीण माशीने मातीची घरं केली होती आणि ती पण आता रिकामी होती.

काका बोटीवर होता. आमच्याकडे बोटीवर आहे म्हटलं की पुढे फार विचारत नाहीत, माणूस दहा महिने नसतो आणि आला की टेपरेकॉर्डर घेऊन येतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. 1986 साली काका टेपरेकॉर्डर घेऊन आला नाही, सायकल घेऊन आला. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात बोट लागली होती तेव्हा कुठल्याशा जुन्या सामानाच्या दुकानातून घेतली म्हणे. मुंबईहून एसटीच्या टपावर बांधून दापोली, तिथून खाली खाडीपर्यंत, आणि आंजर्ल्याच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता म्हणून शेवटचा टप्पा तरीच्या होडीतून, सायकल आडवी घालून. मी सात वर्षांचा होतो. बकऱ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल आणि दोरीएवढे बारीक टायर बघून आम्हा पोरांना वाटलं हिचं काहीतरी तुटलंय.

तुटलेलं काही नव्हतं, फक्त ती काकाच्या मापाची नव्हती. फ्रेमची उभी नळी मोजली तर 58 सेंटीमीटर भरते, म्हणजे चांगल्या पावणेसहा-सहा फुटी माणसाची सायकल, आणि काका जेमतेम पाच फूट चार इंच. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली, माप कोण बघतो! मग सीट पार तळापर्यंत ठोकून बसवलेली. चढताना काका अंगणातल्या चौथऱ्यावर उभा राहायचा, तिथून टांग टाकायचा, आणि परत येताना थांबायला दुसरं काही नसायचं म्हणून जांभ्याच्या गडग्याला हात टेकायचा. आमच्या गडग्याचा एक दगड त्याच्या हाताने गुळगुळीत झालाय असं आम्ही म्हणायचो. ते खोटं आहे, पण चांगलं खोटं आहे.

तर ही सायकल बाहेर काढली, पुसली, फोटो काढले आणि चुलत भावंडांच्या ग्रुपवर टाकले, की हिचं काय करायचं. चूक केली. तासाभरात पंचवीस मेसेज. आता हे पण सांगून टाकतो, त्याच दिवाळीत आम्हाला खरं तर घराचं बोलायचं होतं. सातबारावर चौदा नावं आहेत, एकाला विकायचंय, एकाला होमस्टे करायचाय, एकाला वासे बदलून, कौलं शाकारून होतं तसं ठेवायचंय, आणि बाकीचे "बघू" म्हणतात. चार वर्षं चाललंय. त्यामुळे सायकलीवर सगळे तुटून पडले यात नवल नाही. ज्यांनी घराबद्दल कधी तोंड उघडलं नाही त्यांनी सायकलीबद्दल परिच्छेद लिहिले.

ठाण्याचा भाऊ म्हणाला विकून टाक. विकायची तर कोणाला? भंगारवाला दारावर येतोच, त्याने काटा लावला, बारा किलो आणि वर थोडं, आणि साडेतीनशे रुपये सांगितले. मी नाही म्हटल्यावर चारशे. दुसरं गिऱ्हाईक समुद्राकडचा एक रिसॉर्टवाला. तो स्वतः बघायला आला, पाच हजार द्यायला तयार, लगेच, रोख. म्हटलं चालवणार का? तर म्हणाला, "छे हो, पिवळी करायची. मागे-पुढे कुंड्या लावायच्या आणि गेटपाशी उभी करायची, लोकांना फोटोला लागतं ना काहीतरी. बैलगाडी आहे आपल्याकडे, सायकल तेवढी राहिली." माणूस वाईट नव्हता, उलट धंद्याचं त्याला बरोबर कळत होतं. पण कुंडीला पाणी घातल्यावर ते पाणी फ्रेमच्या नळीतून कुठे जाणार याचाच विचार माझ्या डोक्यात चालू राहिला.

मुंबईचा एक मित्र म्हणाला सिंगल स्पीड कर. गिअर, त्यांच्या केबली, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा तो मागचा लोंबता पिंजरा, सगळं काढून टाक, पुढे एक चक्र मागे एक, सायकल हलकी आणि बिघडायला काही शिल्लकच नाही. हे खरंय. जुन्या फ्रेमला ते सोपंही जातं, कारण मागच्या चाकाची खाच आडवी असते, चाक मागे ओढून चेन ताणता येते. आताच्या सायकलींना खाच उभी असते, तिथे ते जमत नाही. पण मित्र वरळीला राहतो. मी त्याला हिशोब करून पाठवला. पुढे 42 दातांचं चक्र आणि मागे 18 चं ठेवलं तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर जाते. सपाटीवर छान. आमच्याकडे सपाटी म्हणजे पुळण. पुळण सोडली की चढ, आणि दापोली समुद्रापासून साधारण 800 फूट वर आहे, तिथे आसूदच्या वळणांवर पाच मीटरवाला पायडल मारायचा तर गुडघे तिथेच ठेवून यावे लागतील. गंमत म्हणजे काकाने ती वीस वर्षं सिंगल स्पीडच चालवली! गिअरच्या दोन छोट्या दांड्या फ्रेमच्या खालच्या नळीवर आहेत, तिथपर्यंत वाकायचं त्याला कधी जमलं नाही, मग एकाच गिअरात सायकल, आणि चढ आला की उतरून ढकलायची. हर्णै बंदरापर्यंत ठीक होतं, दापोलीला तो एसटीने जायचा.

पुतण्या म्हणाला मोटर लाव. किट मिळतं, 250 वॉटपर्यंत मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत वेग असेल तर आरटीओची नोंदणी लागत नाही, हे त्याला पाठ होतं. मागच्या चाकातल्या मोटरला फ्रेमच्या दोन पायांत 135 मिलिमीटर जागा लागते, हिच्यात 126 आहे. स्टील असल्यामुळे पाय फाकवता येतात, ॲल्युमिनियमची असती तर तडकली असती, म्हणजे अशक्य काही नाही. पण आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटमधले सेल पावसाळ्यात हिरवे होतात, तिथे सायकलीला बॅटरी बांधायची? नको.

राहिला पुण्याचा गृहस्थ. जुन्या सायकली दुरुस्त करून विकणारा, ओळखीतून मिळालेला. त्याने मात्र फोटो बघून पहिल्यांदा मला तिच्याबद्दल काहीतरी शिकवलं. म्हणाला, मागच्या गिअरच्या पिंजऱ्याची मागची बाजू साफ करा आणि दोन अक्षरं दिसतात का बघा. टूथब्रश आणि रॉकेल घेऊन घासलं, तर खरंच, बारीक अक्षरात एफ डी. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीने तेव्हा वर्षाला अक्षर लावलं होतं, 1976 ला ए, मग पुढे बी सी करत, आणि महिन्याला पण तसंच. एफ म्हणजे 1981, डी म्हणजे एप्रिल. म्हणजे साकाईतल्या कारखान्यातून हा पिंजरा 1981 च्या एप्रिलमध्ये निघाला, कुठल्यातरी जपानी सायकलीवर चढला, ऑस्ट्रेलियात गेला, पाच वर्षं कोणीतरी चालवला, आणि शेवटी आमच्या गोठ्यात कुंभारणीच्या शेजाराला आला. मी अर्धा तास ती दोन अक्षरं बघत बसलो होतो.

पुणेकराचं म्हणणं, ही मूळ रूपात आणायची. रंग खरवडून फ्रेम उघडी करायची, पावडर कोटिंग, मूळ कंपनीचे स्टिकर छापून मिळतात, हँडल सरळ, कॅरियर फेकून द्यायचा. खर्च अठरा-वीस हजार. झाली की सुंदर दिसेल, आणि विकायचीच असेल तर मग चांगली किंमत येईल. इथे मी अडकलो.

कारण ती बाहेर उन्हात उभी होती आणि मी तिच्याकडे बघत होतो, आणि मला तिच्यावर मूळ असं काय आहे तेच कळेना. काकाने आल्या आल्या दुसऱ्याच वर्षी तिला होडीचा रंग दिला होता. खाऱ्या हवेत बारीक नळ्या गंजतील हे त्याला बोटीवर राहून चांगलं माहीत होतं, म्हणून बंदरावरून निळा ऑइलपेंट आणला आणि ब्रशने दोन हात मारले. ब्रशचे केस अजून रंगात चिकटलेले दिसतात. एक तर चांगला इंचभर लांब आहे, पुढच्या चिमट्याच्या डाव्या पायावर. हँडलखाली जिथे कंपनीचा बिल्ला असतो तो बिल्ला कधीच पडला होता, त्या जागी पांढऱ्या रंगात "श्री", होडीच्या नाळेवर काढतात तशा अक्षरात, जरा तिरका. हँडल उलटं फिरवलेलं, म्हणजे बकऱ्याची शिंगं बैलाची झाली, वाकायला नको म्हणून. त्याच्यावर काथ्याची दोरी गुंडाळलेली, इतकी घट्ट आणि सारखी की बोटीवरच्या माणसाशिवाय कोणाला जमणार नाही, शेवटचं टोक आतून ओढून घेतलेलं, गाठ दिसतच नाही. मागे दूधवाल्याचा असतो तसला लोखंडी कॅरियर, त्याच्या दोन्ही बाजू आत दबलेल्या, कारण त्यावर बर्फाची पेटी बसायची.

हिला मूळ रूपात आणायचं म्हणजे हे सगळं काढायचं. मग जे उरेल ते आमच्यापैकी कोणी कधी बघितलेलंच नाही! गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार होतात, लाकडी खांब जातात, बाथरूमच्या टाइल्स येतात, त्याच्यावर मी प्रत्येक मे महिन्यात चिडतो. इथे उलटं होतं, पुणेकर टाइल्स काढून खांब परत बसवायचं म्हणत होता, आणि तरी मला ते नको होतं. त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मग साहेब ती सायकल नाही, ते स्मारक आहे." जरा लागलंच, कारण न चालवता तशीच ठेवली तर बरोबर होतं ते.

म्हणून ठरवलं की आधी चालू तर करू, मग बघू. आणि चालू करायला घेतल्यावर सल्ले देणारे सगळे गायब, हे ओघाने आलंच.

टायर संपलेले होते, बोट लावलं तर खपली निघायची. दापोलीत एका दुकानात विचारलं, 27 गुणिले सव्वा. तो म्हणाला 28 आहे, देऊ का, एकच तर नंबर मोठा. आता ही भानगड मला तोपर्यंत माहीत नव्हती. आपल्या काळ्या घोडा सायकलीचं 28 गुणिले दीडचं टायर रिमवर बसतं ते माप 635 मिलिमीटर. हिचं 27, ते 630. आणि आताच्या रोड सायकलींचं 700 सी, ज्याला काही ठिकाणी 28 पण म्हणतात, ते 622. म्हणजे एक 28 हा 27 पेक्षा मोठा आणि दुसरा 28 हा 27 पेक्षा लहान, आणि तिन्ही एकमेकांवर चढत नाहीत. शेवटी 700 सीची चाकंच मागवली. रिमचा व्यास आठ मिलिमीटरने कमी म्हणजे ब्रेकची रबरं चार मिलिमीटर खाली सरकवावी लागतात, हिच्या ब्रेकच्या खाचा लांब आहेत, सरकली. जुनी चाकं काकूने मागून घेतली, त्यांच्यावर तिला कारल्याचा वेल चढवायचाय.

बारीक नट-बोल्ट गंजलेले होते. काकू म्हणाली आमसुलाच्या पाण्यात टाक, समया निघतात ना लख्ख. टाकले रात्रभर. सकाळी खरंच चकाचक! उन्हात पसरून ठेवले, आंघोळ करून आलो तोवर सगळ्यांवर केशरी झाक. आंबट पाण्याने गंज गेला पण लोखंड उघडं पडलं, आणि आमची हवा वाटच बघत असते. दुसऱ्या वेळी सोड्याच्या पाण्यात खळबळून, फडक्याने कोरडे करून लगेच तेलात बुडवले. मग टिकले.

पण खरी अडचण सीट. तळापर्यंत ठोकलेली ती ॲल्युमिनियमची दांडी स्टीलच्या नळीत अशी बसली होती की नट सोडून, हातोडी मारून, दोघांनी लोंबकळूनही ती केसभर हलेना. मी काकापेक्षा उंच, पाच फूट नऊ, त्या उंचीवर बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. म्हणजे सीट निघाली तर सायकल माझी, नाहीतर कुंड्या.

हर्णै बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक म्हातारा फिटर आहे, काकाच्या ओळखीचा. टेम्पोत घालून त्याच्याकडे नेली. त्याने आधी "श्री" कडे बघितलं आणि म्हणाला, "बाबू, हा रंग माझ्याकडचा." मग दांडीभोवती नखाने खरवडलं, पांढरी पूड निघाली. ती बोटावर घेऊन मला दाखवली. "दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी. ही बॅटरी झाली. ह्यात मऊ धातू मरतो आणि मरताना फुगतो." म्हणून होडीच्या पंख्यापाशी जस्ताचा तुकडा लावतात, म्हणजे समुद्राने खायचं तर जस्त खावं, पंखा नको. कॉलेजात हे मी मार्कांसाठी पाठ केलं होतं, इथे बोटावर होतं.

सायकल उलटी टांगून त्याने खालून नळीत डिझेल आणि जळकं तेल ओतलं आणि मला हाकललं, तीन दिवसांनी ये. चौथ्या दिवशी गेलो तर म्हणाला गरम करून उपयोग नाही, ॲल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट फुगतं, अजून आवळेल. थंड करायचं. बंदरावर बर्फाला काय तोटा! मासळीचा फोडलेला बर्फ दांडीच्या पोकळीत ठासून भरला, वर बर्फाचं फडकं गुंडाळलं, आणि बाहेरच्या नळीवर गरम पाण्याचं फडकं. मला उगाच वाटलं आपण काहीतरी सुचवावं, म्हटलं मीठ घालू का, कुल्फीला घालतात तसं, जास्त गार होईल. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मीठच तर काढतोय आपण."

मग त्याने सीटची दांडी वरच्या बाजूने वाईसमध्ये पकडली, म्हणजे अख्खी सायकल डोक्यावर उभी, चाकं काढलेली, आणि आम्ही दोघांनी फ्रेमच धरून पाना फिरवावा तशी फिरवली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. त्याने पुन्हा बर्फ भरला, बिडी ओढली. तिसऱ्यांदा असा आवाज आला की पलीकडे जाळी विणत बसलेल्या बाया वळून बघायला लागल्या, मला वाटलं फ्रेम गेली. पण दांडी फिरली होती. एक सूत, मग दोन, मग कण्हत कण्हत बाहेर. पैसे विचारले तर अडीचशे म्हणाला आणि वर, "हँडल सरळ करू नकोस हां."

फ्रेमच्या आत तेल सोडून, नवी चेन, मागे सात चक्रांचं 34 दातांपर्यंतचं फ्रीव्हील घातलं. सहाचं सात झालं तरी ते त्या 126 मध्ये बसतं, आणि तो 1981 चा पिंजरा लांब असल्यामुळे एवढं मोठं चक्र कुरकुर करत का होईना घेतो. आता सगळ्यात हलक्या गिअरात पायडलच्या फेऱ्याला दोन मीटर सत्तर, आधी सव्वातीन होतं. आसूदचा चढ मी अजून न उतरता पूर्ण केलेला नाही, दोनदा थांबतो, पण ढकलत नाही. सीट दांडीवर वर घेतली, ग्रीस लावून. जिथपर्यंत ती नळीत रुतून बसली होती तिथे पांढरट खरखरीत कडं पडलंय, घासून गेलं नाही. आता ते नळीच्या तोंडापासून चांगलं चार बोटं वर दिसतं.

रंगाला हात लावला नाही. खरं तर एका संध्याकाळी सॅंडपेपर घेऊन मागच्या पायाशी, जिथे दिसणार नाही, एक नखभर घासून बघितलं. खाली लाल होता. छान होता, खोल, चमकीचा. त्याच्यावर परत बंदरावरचा निळा लावून टाकला.

हे सगळं चालू असताना एक जुनी गोष्ट आठवली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा गोठ्याचं छप्पर वाशांसकट हिच्या अंगावर बसलं होतं. आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या त्या दुपारी आडव्या झाल्या, दोन माड घरावर येता येता राहिले, लाईट यायला महिन्यावर गेला. त्याच दिवशी ॲटलस सायकलींचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला आणि तो जागतिक सायकल दिन होता, हे मला खूप नंतर वाचायला मिळालं. तेव्हा काका होता. वादळ गेल्यावर तो वाशांखालून वाट काढत गोठ्यात शिरला, सगळ्यांना वाटलं पंप बघायला गेला. बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "कॅरियर वाकला नाही."

परवा सकाळी हर्णैला गेलो, पुलावरून. बांगडे घेतले, थोडी कोळंबी, कॅरियरला पिशवी बांधली. परत आलो, गडग्याशी थांबलो, पाय जमिनीला पुरतात तरी हात आपोआप दगडाला गेला. तेवढ्यात ठाण्याच्या भावाचा फोन. शनिवारी सगळे येतायत, घराचं एकदा बसून बोलू, आणि हो, सायकलीचं काय ठरलं?

म्हटलं ठरलं असं नाही, सध्या मासळी आणतोय.

"म्हणजे विकायची नाही?"

मी उत्तर द्यायच्या आत काकू पडवीतून ओरडली, फोन ठेव आधी, मांजर कॅरियरवर चढलंय.